घरच्या डार्करूमला सेफलाईट (फोटोच्या कागदाला न लागणारा दिवा): लाल झिरोचा बल्ब चालेल का? (सांगली)

कृष्णाकाठची | शनिवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. विश्रामबागेत राहते. मामांचा गावभागात फोटो स्टुडिओ होता. २०१९ च्या पुरात खालचं सगळं गेलं, पण एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडायचं यंत्र) माळ्यावर होता म्हणून वाचला. तीन महिन्यांपूर्वी तो मामांनी माझ्या गळ्यात घातला. तेव्हापासून रात्री साडेनऊ ते बारा आमचं बाथरूम ही डार्करूम. वॉशिंग मशीनवर एन्लार्जर, कमोडवर फळी, फळीवर तीन ट्रे. घरच्यांनी साडेनऊच्या आत आपापलं आटपायचं असा ठराव झालाय.

अडचण अशी. प्रिंट येतात, पण पांढरा रंग पांढरा येत नाही. आयर्विन पुलाचा एक फोटो आहे, पावसाळी आकाश, एका कोपऱ्यात ढग फाटून उजेड आलाय. निगेटिव्हमध्ये तो उजेड छान आहे. प्रिंटमध्ये धुतलेल्या बनियनसारखा. व्हेरिएबल कॉन्ट्रास्टचा (फिल्टर बदलून काळ्या-पांढऱ्यातला उठाव कमी-जास्त करता येतो असा) नवा कागद वापरते आणि जरा उठाव यावा म्हणून ४ नंबरचा फिल्टर लावावा लागतो. मामा म्हणतात, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." मामांच्याच माळ्यावरचा इंदू छापाच्या जुन्या फोटो-कागदाचा एक डबा पण आहे, त्यावर तर आणखीच राखाडी येतं.

दिवा म्हणाल तर इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणलेला लाल झिरोचा बल्ब, आरशाच्या वरच्या होल्डरला. वीस रुपये. संशय त्याच्यावर आहे. की माझ्यावर घ्यावा?

---

अजिंक्यताऱ्याखाली | शनिवार, रात्री ११.४१

ताई, सातारहून रामराम. तुमचा वीस रुपयांचा बल्ब, माझी गंमत ऐका. मी ट्रॅक्टरचा मागचा लाल दिवा आणला. लाल म्हणजे लालभडक, सरकारमान्य लाल. १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावला आणि चार दिवस कागद काळे करत बसलो. पाचव्या दिवशी दिवा हातात घेऊन उलटा केला, तर खालच्या बाजूला पारदर्शक खिडकी. नंबरप्लेटवर उजेड पडावा म्हणून कंपनीनं मुद्दाम ठेवलेली! माझ्या ट्रेवर चार दिवस नंबरप्लेटचा पांढरा उजेड पडत होता.

आता सायकलचा मागचा लाल एलईडी वापरतो. मस्त चालतो. फक्त लुकलुक मोडवर ठेवू नका, डोकं उठतं.

---

हळदगल्ली | शनिवार, रात्री ११.५५

एवढा काथ्याकूट कशाला? कागदाचा तुकडा घ्या, त्यावर नाणं ठेवा, लाल दिव्याखाली पाच मिनिटं राहू द्या, डेव्हलप करा. नाण्याचा गोल दिसला तर बल्ब वाईट, नाही दिसला तर चांगला. विषय संपला.

---

कृष्णाकाठची | रविवार, दुपारी १.१०

रात्री लगेच करून बघितलं. दहाचं नाणं, पाच मिनिटं. गोल नाही. कागद शुभ्र. म्हणजे बल्ब निर्दोष आणि दोष माझ्यात. मामांना सांगितलं, ते खूश झाले.

---

जुना_स्टुडिओ | रविवार, दुपारी ४.३०

मामांना इतक्यात खूश होऊ देऊ नका.

मी मिरजेचा. बत्तीस वर्षं स्टुडिओ चालवला, आता बंद आहे. नाण्याची परीक्षा बरोबर आहे, पण तुम्ही ती कोऱ्या कागदावर घेतलीत. तिथेच फसगत होते.

उन्हाळ्यात तापलेल्या रानावर वळवाचे पहिले चार थेंब पडले तर काय होतं? जिरतात. वर पाणी दिसत नाही. म्हणून पाऊस पडलाच नाही असं म्हणता येईल का? तेच रान आधी भिजलेलं असेल तर पुढचा प्रत्येक थेंब वाहायला लागतो. कागदाचंही तसंच. कोरा कागद थोडा प्रकाश गिळून टाकतो, डेव्हलपरमध्ये काही दिसत नाही. पण तुमच्या प्रिंटचा कागद कोरा नसतो. एन्लार्जरखाली तो आधीच भिजलाय. त्याच्यावर लाल दिव्याचा थोडासा उजेड पडला की तो लगेच उमटतो. आणि पहिला फटका बसतो तो फिकट भागाला. तुमच्या ढगातल्या उजेडाला. काळ्याला काही फरक पडत नाही, तो आधीच काळा.

म्हणून परीक्षा अशी घ्या. लाल दिवा बंद. एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह ठेवू नका, हेड वर घ्या, लेन्सचं तोंड बारीक, एफ ११ किंवा १६ वर. एका पट्टीवर एक-एक सेकंद वाढवत एक्स्पोजर द्या आणि अंधारातच डेव्हलप करा. कुठल्या वेळेला कागद जेमतेम राखाडी होतो ते शोधा. चुलीतली थंड राख असते ना, तेवढाच. ती वेळ लिहून ठेवा.

मग नवा तुकडा घ्या, त्याला तेवढंच एक्स्पोजर द्या. तो ईझलवर (एन्लार्जरखालची कागद धरायची चौकट) ठेवा, ओळीनं चार नाणी मांडा. आता लाल दिवा लावा. एक मिनिटानं पहिल्या नाण्याचा भाग जाड पुठ्ठ्यानं झाका, दोन मिनिटांनी दुसरा, चार मिनिटांनी तिसरा, आठ मिनिटांनी दिवा बंद. पुन्हा अंधारातच पूर्ण वेळ डेव्हलप, मग हायपो (फोटो पक्का करणारं द्रावण). वाळल्यावर दिवसाच्या उजेडात बघा, ओला असताना निकाल देऊ नका. असाच दुसरा तुकडा डेव्हलपरच्या ट्रेशेजारी ठेवून करा, कारण बल्बपासूनचं अंतर तिथे वेगळं आहे. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो.

अंधारात वेळ कशी मोजायची ते विचाराल. टिकटिक करणारं घड्याळ ठेवा, साठ टिकटिक मोजा. काटे अंधारात चमकणारे नकोत.

---

मिरज_एक्सरे | रविवार, रात्री ८.०५

जुना_स्टुडिओ यांना अनुमोदन. मी एक्सरे टेक्निशियन, आता निवृत्त. डिजिटल यायच्या आधी आमचा अर्धा जन्म लाल दिव्याखाली गेला.

आमच्याकडे झालेला घोटाळा सांगतो. जुनी एक्सरे फिल्म फक्त निळ्या उजेडाला ओळखायची. तिला पिवळट-तपकिरी फिल्टरचा दिवा चालत असे, कोडॅकचा ६बी म्हणत असू. मग हिरव्या उजेडाला ओळखणारी फिल्म आली. दिवा तोच राहिला. आठवडाभर प्रत्येक फिल्म धुरकट. डॉक्टर आम्हाला बोलले, आम्ही डेव्हलपर बदलला, हायपो बदलला, पाणी बदललं. शेवटी एका जुन्या माणसानं वर बघितलं आणि म्हणाला, "अरे, दिवा कोण बदलणार?" मग लाल फिल्टर आला, जीबीएक्स-२, तो दोन्ही फिल्मला चालायचा.

ताईंचा नवा कागद व्हेरिएबल कॉन्ट्रास्टचा म्हणताय. तो निळ्याबरोबर हिरवाही ओळखतो. मामांच्या वेळचा ठरावीक ग्रेडचा कागद निळ्यावरच भागवायचा. तेव्हा "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे मामांचं खरंच आहे.

---

सज्जनगड_रोड | रविवार, रात्री ९.१७

भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून राहवत नाही.

सिल्व्हर ब्रोमाइड स्वतः फक्त निळा-जांभळा ओळखतं. १८७३ मध्ये हेरमान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाला कळलं की त्यात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर ते हिरवाही ओळखायला लागतं. तिथून सेफलाईटवाल्यांच्या डोक्याला ताप सुरू झाला.

व्हेरिएबल कॉन्ट्रास्ट कागदात हिरव्याला कमी-जास्त ओळखणारे थर एकत्र असतात. निळ्यानं कॉन्ट्रास्ट चढतो, हिरव्यानं उतरतो. आपले फिल्टर तेच करतात. आता ताईंच्या बल्बमधून हिरवा गळत असेल तर काय होईल? प्रिंट मऊ पडेल. मग माणूस ४ नंबरचा फिल्टर लावून ती ओढून सरळ करायला बघेल. ताई, तुमची गोष्ट नेमकी अशीच दिसते आहे.

बल्ब तपासायला एक जुनी सीडी घ्या. बाकी सगळे दिवे बंद करून सीडीच्या चकचकीत बाजूत बल्बचं प्रतिबिंब तिरकं बघा. सीडी प्रकाश फोडून दाखवते. फक्त लाल पट्टा दिसला तर बरं लक्षण. पिवळा, हिरवा दिसला तर बल्ब बाद. पण सीडीत बल्ब पास झाला म्हणजे पास असं नाही. शेवटचा शब्द कागदाचा.

---

नवशिक्या_वाई | रविवार, रात्री ९.५०

मध्येच विचारतो, चुकत असेल तर सांभाळून घ्या. सिनेमात दाखवतात तसं लाल दिव्यात फिल्म डेव्हलप करता येते का? मला ती उमटताना बघायची आहे.

---

जुना_स्टुडिओ | रविवार, रात्री १०.१२

नाही रे बाबा. सिनेमात ट्रेमध्ये कागद असतो. आजची नेहमीची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म पॅनक्रोमॅटिक, ती लालही ओळखते. ती पूर्ण अंधारात टँकमध्ये भरायची. उमटताना बघायची हौसच असेल तर ऑर्थो फिल्म घे, ती लाल ओळखत नाही, म्हणून गडद लाल दिव्यात चालते. एक्सरेवाल्यांनी सांगितलेली एक्सरे फिल्म पण चालेल. पण तुझी पहिली दहा रोल नेहमीच्या फिल्मवरच जाऊ दे. आणि रंगीत प्रिंटच्या कागदाला अंधारच, तिथे लाल दिवा नको.

---

हळदगल्ली | रविवार, रात्री १०.३०

अवांतर: एवढा अंधार हवा असेल तर हरिपूरच्या हळदीच्या पेवात डार्करूम काढा. उजेडाचा कवडसासुद्धा नाही.

---

मिरज_एक्सरे | रविवार, रात्री १०.३८

पेवात उतरायच्या आधी कंदील सोडून बघतात ते कशासाठी, माहीत आहे ना? तिथे दिवा विझतो आणि माणूसही. चेष्टेतसुद्धा कुणाला सांगू नका.

---

कृष्णाकाठची | बुधवार, रात्री १२.४५

झोप उडाली आहे, आत्ताच लिहिते.

जुना_स्टुडिओ काकांनी सांगितलं तसं केलं. आधी घर बंद करून अंधारात वीस मिनिटं नुसती बसले. दहाव्या मिनिटाला दाराच्या खालून एक रेघ दिसायला लागली. देवघरातला लाल बल्ब! पंधराव्या मिनिटाला एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांमधून रस्त्यावरच्या दिव्याचे तीन ठिपके. रोज आत जाऊन लगेच काम सुरू करायचे, त्यामुळे हे कधी दिसलंच नव्हतं. दाराखाली जुनी सतरंजी गुंडाळून ठेवली, फॅनवर काळं रेग्झिन खिळलं.

मग राखेचा रंग शोधला. एफ ११ वर चार सेकंद. मग नाणी. अंधारात नाणं ट्रेमध्ये पडल्याचा आवाज काय मोठा येतो हो, बाहेरून आई म्हणाली, "काय फुटलं?"

आज सकाळी वाळलेल्या पट्ट्या खिडकीशी नेऊन बघितल्या. ईझलवरची पट्टी: एका मिनिटाला काही नाही. दोन मिनिटांना गोल दिसतो, फिकट, डोळे बारीक केले की. चारला स्पष्ट, नाण्याची कड मोजता येईल इतका. आठला तर नाण्याखालची जागा राखाडी आणि भोवती चक्क ढगाळ. ट्रेशेजारची पट्टी त्याहून वाईट, एका मिनिटालाच. आणि गंमत म्हणजे शेजारी कोऱ्या कागदाची एक पट्टी मुद्दाम ठेवली होती, तिच्यावर आठ मिनिटांनाही नाममात्र सावली!

डब्यातून कागद काढल्यापासून स्टॉप बाथमध्ये (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण) जाईपर्यंत माझी साडेतीन मिनिटं जातात, डॉजिंग (एखाद्या भागावर सावली धरून उजेड कमी देणं) केलं तर चार. म्हणजे रोजची प्रत्येक प्रिंट मी स्वतःच्या हातानं मळवत होते.

सीडी पण बघितली. लाल, मग नारिंगी, मग एक पिवळट-हिरवी रेघ. आणि बल्ब जवळून पाहिला तर पितळी टोपीच्या वर थर्मामीटरच्या पाऱ्याएवढी बारीक कड, तिथे लाल रंग पोचलेलाच नाही. सरळ पांढरा उजेड आरशावर, आरशातून ट्रेवर. मी बसवलाय पण कुठे, आरशाच्या डोक्यावर!

---

जुना_स्टुडिओ | गुरुवार, सकाळी ७.१५

शाब्बास. त्या बल्बवर लाल वार्निश असतं. तापून तापून ते विटतं, टोपीजवळ पडतं. आम्ही दर दिवाळीला दिवे तपासायचो, चांगले कंपनीचे फिल्टरसुद्धा काही वर्षांनी फिके पडतात.

आरसा मात्र झाका. जुना टॉवेल चालेल. आणि डेव्हलपर किती गरम असतो तुमचा?

---

कृष्णाकाठची | गुरुवार, सकाळी ९.०२

नळाचं पाणीच एकोणतीस होतं काका. सांगली आहे ही.

---

जुना_स्टुडिओ | गुरुवार, सकाळी ९.२०

गरम डेव्हलपर आपला आपणच फॉग, म्हणजे उजेडाशिवायचा राखाडीपणा, चढवतो. मोठ्या परातीत गार पाणी, त्यात बर्फाची पिशवी, त्यात ट्रे ठेवा. वीस-बावीसवर आणा. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका, मागे एकानं टाकला होता.

---

सज्जनगड_रोड | गुरुवार, दुपारी १२.४०

नवा दिवा घेताना: बाजारातले सगळे लाल एलईडी बल्ब आतून लाल नसतात. काहींच्या आत पांढरा एलईडी आणि वर लाल प्लास्टिकची टोपी. खरा लाल एलईडी साधारण ६२० ते ६३० नॅनोमीटरला असतो, कागदाचं उजेड ओळखणं त्याच्या बरंच अलीकडे थांबतं. १२ व्होल्टची लाल पट्टी मिळते ती बहुतेक खरी लाल. रंग बदलणारी रिमोटवाली घेऊ नका, चुकून बटण दाबलं की डबाभर कागद गेला. पिवळ्या-नारिंगी एलईडीत डोळ्याला आराम असतो, पण त्यांच्यात काही पांढऱ्यासारखेच हिरव्यापर्यंत पसरलेले असतात, म्हणून तपासल्याशिवाय नको.

पट्टी छताकडे तोंड करून लावा. छतावरून परतलेला उजेड सगळीकडे सारखा पडतो. आणि अॅडॉप्टर बाथरूमच्या बाहेर. एकतर पाण्याची जागा, दुसरं म्हणजे बहुतेक अॅडॉप्टरवर निळा ठिपका पेटतो. सगळ्या दिव्यांची परीक्षा घ्यायची आणि शेजारी निळा ठिपका लुकलुकत ठेवायचा, असं होतं.

---

अजिंक्यताऱ्याखाली | गुरुवार, संध्याकाळी ६.३०

निळा ठिपका! माझ्या इन्व्हर्टरला हिरवा आहे. दोन वर्षं त्याच्याकडे पाठ करून प्रिंट करतोय. ट्रॅक्टरला उगाच बोललो.

---

कृष्णाकाठची | रविवार, रात्री ११.५०

पट्टीचा फूटभर तुकडा लाकडी फळीवर चिकटवला, तोंड छताला. अॅडॉप्टर पॅसेजमध्ये, वायर दाराच्या खाचेतून. आरशावर टॉवेल. सुरुवातीला वाटलं काहीच दिसत नाही, पण पाच मिनिटांत डोळे बसले. आता ट्रेमधली पक्कडसुद्धा दिसते.

नाण्यांची परीक्षा परत घेतली, राखेच्या रंगावर. एक, दोन, चार, आठ. मग हावरटपणानं सोळा. दोन्ही जागी एकही गोल नाही.

मग आयर्विन पुलाची प्रिंट काढली. ४ नंबरच्या फिल्टरनं आता भलतीच कडक आली, अगदी काळी-पांढरी. उतरत उतरत अडीचवर आले. ढग फाटलेला कोपरा कागदाइतका पांढरा आणि त्याच्या कडेला जी राखाडी छटा आहे ती मी निगेटिव्हमध्येसुद्धा नीट बघितली नव्हती.

पण इंदूच्या डब्याचं कोडं तसंच आहे. नव्या दिव्यातही तो राखाडीच. म्हणून आज त्याला सगळे दिवे बंद ठेवून डेव्हलप केलं. तरी राखाडी.

---

जुना_स्टुडिओ | सोमवार, सकाळी ७.४०

आता एक शेवटची पट्टी. त्या डब्यातला एक तुकडा अंधारात सरळ हायपोत टाका, डेव्हलपर नाही. दुसरा अंधारात डेव्हलप करून हायपोत. दोन्ही धुऊन शेजारी ठेवा. पहिला पांढरा आणि दुसरा राखाडी निघाला तर दिव्याचा काही संबंध नाही, कागदच म्हातारा झालाय. माळ्यावर पत्र्याखाली किती उन्हाळे काढले असतील त्यानं.

---

कृष्णाकाठची | मंगळवार, रात्री ११.०५

पहिला पांढरा, दुसरा राखाडी. डब्यावर मामांच्या अक्षरात १९९४ लिहिलंय.

---

मिरज_एक्सरे | मंगळवार, रात्री ११.२०

फेकू नका. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कागद आता कुठे मिळणार? कारखानाच बंद पडला. बेन्झोट्रायझोल मिळालं तर एक टक्क्याचं द्रावण करून डेव्हलपरमध्ये थोडं थोडं घालून बघा, फॉग बराच दबतो, फक्त एक्स्पोजर वाढवावं लागतं. नाही जमलं तर उन्हात पानं-फुलं ठेवून त्याच्यावर ठसे काढा, त्याला अंधार लागत नाही.

---

नवशिक्या_वाई | मंगळवार, रात्री ११.३४

मी सीडी शोधतोय घरात. एकही नाही. पेन ड्राईव्हच्या जमान्यात सीडी कुठे मिळते?

---

हळदगल्ली | मंगळवार, रात्री ११.४०

माझ्याकडे लग्नाच्या व्हिडिओच्या सहा आहेत. बायकोला विचारून एक देतो.

---

कृष्णाकाठची | बुधवार, सकाळी ८.१०

मामा आले होते. दोन प्रिंट शेजारी ठेवल्या, जुन्या बल्बची आणि नव्या पट्टीची. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "गावभागातल्या डार्करूममध्ये पण दिवा आरशाच्या वरच होता गं."